डीएनए लशीला मदतनीस जनुक जोडताना: श्रेय कोणाचं, हे आधी ठरवा

पहाटे साडेतीनला आरेतल्या तबेल्यावर पोहोचलं की मामा आधी चहा देतात, मग म्हैस दाखवतात. धार काढून होईपर्यंत जनावराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मानेच्या शिरेतून मी रक्त घेत असतो तेव्हा ते दोरी धरून उभे असतात आणि दर वेळी एकच वाक्य ऐकवतात, "डॉक्टर, रक्त घ्या हवं तेवढं, पण लस-बिस काही टोचू नका हो. लाळ्या खुरकुताची टोचली की चार दिवस दूध मारतं."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. तेलात घोटलेली, मृत विषाणूची लस टोचल्यावर काही जनावरांना ताप येतो, सुईच्या जागी गाठ येते, दूध थोडे दिवस घटतं. ती लस बनवायला जिवंत विषाणू कडेकोट बंदिस्त कारखान्यात वाढवावा लागतो आणि बनल्यावर टोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये सांभाळावी लागते. डीएनए लशीत विषाणू वाढवायचाच नसतो. विषाणूच्या एका प्रथिनाचं जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यात बसवायचं, ते प्लास्मिड स्नायूत किंवा कातडीत टोचायचं, आणि प्रथिन बनवायचं काम जनावराच्या पेशींवर सोपवायचं. उंदराच्या स्नायूत नुसतं डीएनए टोचलं तरी प्रथिन बनतं हे १९९० साली कळलं. २००५ साली अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइलची आणि कॅनडात सॅमन माशांसाठी अशी लस मंजूर झाली. माणसांसाठीची पहिली डीएनए लस तर आपल्याकडेच, ऑगस्ट २०२१ मध्ये, तातडीच्या वापरासाठी मान्य झाली: झायकोव्ह-डी.

मग गाईम्हशींसाठी आतापर्यंत का नाही आली? कारण मोठ्या जनावरात हिचा प्रतिसाद लेचापेचा असतो. उंदरात झकास चालणारी लस रेडकात गेली की मलूल पडते. म्हणून प्रतिजनाच्या, म्हणजे ज्या विषाणू-प्रथिनाविरुद्ध प्रतिसाद हवा त्याच्या, जनुकासोबत आणखी एक जनुक पाठवायचं, प्रतिकारशक्तीला हाक मारणाऱ्या प्रथिनाचं. यालाच मी मदतनीस जनुक म्हणतो. कल्पना सोपी आहे, आणि परळच्या प्रयोगशाळांत दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी ती घेऊन येतो. अडचण पुढे येते. प्रतिसाद वाढला तर तो मदतनिसामुळेच वाढला हे दाखवायचं कसं? खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

आधी रोग निवडा, आणि जमेल तोच निवडा

बहुतेकांना लाळ्या खुरकूत हवा असतो. ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार देशात फिरतात, सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय लसीकरण मोहीम चालू आहे, नावाला वजन आहे. पण त्याचं कवच तयार व्हायला पी-१ या लांबलचक प्रथिनाचे तुकडे करणारं थ्री-सी हे विषाणूचंच विकर सोबत द्यावं लागतं, आणि ते विकर यजमान पेशीलाही चावतं. शिवाय प्रतिपिंडं विषाणूला निष्प्रभ करतात का, हे जिवंत विषाणूवरच तपासावं लागतं. ते काम बंदिस्त सुविधेतच होतं आणि तिथला नंबर लागेपर्यंत तुमची पदवी संपते.

माझा सल्ला: पहिल्यांदा करत असाल तर आयबीआर घ्या. म्हणजे गोवंशातल्या हर्पिस विषाणूचा, बीएचव्ही-१ चा, रोग. नाक आणि श्वासनळीचा दाह, गर्भपात, आणि एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत लपून जन्मभर मुक्काम. वळूच्या वीर्यातूनही पसरतो, म्हणून गोठित रेतन केंद्रं वळूंची तपासणी करतात. हा विषाणू दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेत, एमडीबीके या गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवता येतो. म्हणजे निष्प्रभीकरणाची चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. आणि त्याचं डी ग्लायकोप्रथिन, जीडी, हे एकटंच चांगली निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं उठवतं. दोन प्रथिनं जुळवत बसायला नको.

आणखी एक फायदा आपोआप मिळतो. लशीत फक्त जीडी असेल तर लस दिलेल्या जनावराच्या रक्तात जीबी किंवा जीई या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं नसतात. ती दिसली तर जनावराला खरी लागण झालेली आहे. लसवंत आणि रोगी वेगळे ओळखता येणं, ही रोगनिर्मूलनातली अर्धी लढाई.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. पुनर्संयोजित डीएनएचं काम म्हटलं की संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता. उंदरांसाठी संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती, मोठ्या जनावरांसाठी त्या समितीच्या शिफारशीसह प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती सीसीएसईए, जिला जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात. प्रयोग गोठ्यात न्यायचा असेल तर आरसीजीएमशी, म्हणजे जनुकीय बदलांच्या कामाची तपासणी करणाऱ्या केंद्रीय समितीशी, आधीच बोला. अर्ज पहिल्या महिन्यात टाका. क्लोनिंग होईल मग बघू म्हणणाऱ्यांचे उंदीर म्हातारे होतात.

प्रतिजनाचं प्लास्मिड

वाहक म्हणून पीव्हॅक्स-१ घ्या. जेमतेम ३ हजार बेस-जोड्यांचा आहे आणि त्यात कॅनामायसिन-रोधक जनुक आहे. कपाटात पीसीडीएनए-३.१ पडलेला असतो म्हणून तोच उचलू नका. त्यात अॅम्पिसिलिन-रोधक जनुक असतं आणि लशीच्या मार्गावर ते चालत नाही. उद्या बदलायचंच, तर आज बदला.

जीडीचं जनुक विषाणूवरून पीसीआरने उचलायला गेलात तर नाकी नऊ येतील, कारण या विषाणूच्या डीएनएत जी आणि सी यांचं प्रमाण सुमारे ७२ टक्के आहे. साखळ्या एकमेकींना सोडतच नाहीत. साखळ्या सैल करणारं डीएमएसओ घाला, तापमान वाढवा, तरी जेलवर पुसट पट्टा. मी त्यात एक अख्खा पावसाळा घालवला आहे. आता जनुक सरळ संश्लेषित करून मागवावं, गाईच्या पेशीला सोयीची कोडॉन, म्हणजे अमिनो आम्लांची तीन अक्षरी जनुक-चिन्हं, वापरून. सुरुवातीच्या कोडॉनच्या अगदी आधी कोझॅक क्रम ठेवा, म्हणजे पेशी वाचायला तिथूनच सुरुवात करते; आणि जीडीचा स्वतःचा संकेतखंड, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेरची वाट दाखवणारा सुरुवातीचा तुकडा, तसाच ठेवा. पेशीपटलात रुतणारं शेपूट कापलेलं आणि न कापलेलं, अशी दोन रूपं करून घ्या. कापलेलं पेशीबाहेर पडतं, न कापलेलं पटलावर उभं राहतं, आणि प्रतिसाद दोघांचा सारखा नसतो.

मदतनीस निवडताना

इथेच घोडं पेंड खातं. मदतनीस बहुधा सायटोकाइन असतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं; आयएल-२, आयएल-१२, जीएम-सीएसएफ ही त्यांचीच नावं. लेख वाचून "आयएल-१२ उत्तम" असं ठरवून मोकळं होता येत नाही. मदतनिसाचं काम काय, घडण कशी आणि तो कोणत्या प्राण्याचा, या तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी जीएम-सीएसएफ सुचवतो. तो टोचल्या जागी डेंड्रायटिक पेशी गोळा करतो. या पेशी म्हणजे प्रतिजन उचलून लसिकाग्रंथीपर्यंत वर्दी देणारे हरकारे. जनुक छोटं, एकच साखळी, स्वतःचा संकेतखंड, आपोआप पेशीबाहेर. मात्र जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही. मात्रा भरमसाट झाली तर हाच प्रतिसाद दाबणाऱ्या पेशींना आवतण देतो. वेळेचंही तसंच. प्रतिजनासोबत दिला की एक कल, दोन-तीन दिवस मागेपुढे दिला की दुसरा.

आयएल-२ हा टी पेशींचा खुराक. जनुक लहान, काम सरळ, पण प्रथिन शरीरात टिकत नाही.

आयएल-१२ टी पेशींना गॅमा इंटरफेरॉनच्या वाटेला लावतो, म्हणजे पेशीत लपणाऱ्या विषाणूविरुद्ध हवा तोच प्रतिसाद. पण तो दोन साखळ्यांचा आहे, पी-३५ आणि पी-४०. दोन्ही एकाच पेशीत बनून जुळल्या तरच काम होतं. पी-४० जास्त झाली तर तिच्या जोड्या जमून त्या ग्राहीवर नुसत्या बसून राहतात आणि खऱ्या आयएल-१२ ला जागा देत नाहीत. उंदरात हे दिसलेलं आहे. म्हणून दोन्ही साखळ्या लवचिक दुव्याने जोडून एकच प्रथिन करणं बरं.

आयएल-१८ मध्ये तर सापळाच आहे. हे प्रथिन पेशीत अपक्व रूपात बनतं, त्याला नेहमीचा संकेतखंड नसतो आणि कॅस्पेज-१ या विकराने कापल्याशिवाय ते जागं होत नाही. जीनबँक या जनुकक्रमांच्या संग्रहातून पूर्ण लांबीचा क्रम उचलून प्लास्मिडमध्ये घातला तर स्नायूपेशी ते इमानेइतबारे बनवेल आणि पोटात ठेवून बसेल. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन ओळखायच्या चाचणीत, पट्टा सुंदर, गोठ्यात परिणाम शून्य. फक्त पक्व भाग घ्या आणि पुढे दुसऱ्या प्रथिनाचा संकेतखंड लावा. आयएल-१५ लाही संकेतखंड बदलून द्यावा लागतो, कारण त्याचा स्वतःचा फार आळशी आहे.

सायटोकाइनच्या पलीकडेही पर्याय आहेत. रक्तातल्या पूरक प्रणालीतल्या एका प्रथिनाचा सी-३-डी हा तुकडा प्रतिजनालाच शिवून टाकतात. १९९६ साली कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाला त्याच्या तीन प्रती जोडल्यावर उंदरात ते दहा हजार पटींनी कमी मात्रेत काम करू लागलं होतं. पण एकसारखे तीन तुकडे ओळीने ठेवले की प्लास्मिड ज्यात वाढवतो तो ई. कोलाय जिवाणू त्यातले एक-दोन गुपचूप गाळतो. प्रत्येक प्रतीची कोडॉन वेगवेगळी लिहून घ्या. जिवाणूच्या शेपटातलं फ्लॅजेलिन टीएलआर-५ ला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या एका ग्राहीला, जागं करतं, पण ते परकं प्रथिन असल्याने त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं उठतात, आणि आपल्या पेशीत बनलं की त्यावर नको तिथे साखरेचे रेणू चिकटतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे प्राणी. माणसाचा आयएल-२ उंदराच्या पेशींवर चालतो, पण माणसाचा जीएम-सीएसएफ आणि गॅमा इंटरफेरॉन उंदरावर चालत नाहीत. म्हणून गाईचा किंवा म्हशीचा मदतनीस उंदरात टोचून "परिणाम नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे तमिळ माणसाला मराठीत हाक मारून तो बहिरा आहे म्हणण्यासारखं. दोन प्लास्मिड करा. उंदराच्या प्रयोगासाठी उंदराचं जनुक, म्हशीच्या प्रयोगासाठी म्हशीचं. खर्च वाढतो. दुसरा मार्ग नाही.

परक्या प्राण्याचा मदतनीस आणखी एका कारणाने नको. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि ती स्वतःच्या सायटोकाइनलाही धरू शकतात. रोगाविरुद्ध बळ द्यायला गेलो आणि जनावराचा स्वतःचाच निरोप्या बांधून ठेवला, असं व्हायचं.

एकाच प्लास्मिडवर दोन्ही जनुकं की दोन वेगळी? सुरुवातीला वेगळी. प्रमाण बदलून पाहता येतं आणि नियंत्रण गट सहज बनतात. उत्पादनाचा विचार आला की एकावर आणा, कारण मग एकाच पदार्थाची गुणवत्ता सिद्ध करायची असते. दोन जनुकांमध्ये आयआरईएस हा जोडक्रम लावला तर दुसरं जनुक मंद चालतं. २-ए हा जोडक्रम लावला तर पहिल्या प्रथिनाला छोटं शेपूट राहतं. सायटोकाइन ते सहन करतो का, हे तपासूनच पुढे जा.

म्हशीचं जनुक म्हशीकडून

मामांच्या तबेल्यात पहाटे जायचं कारण हे. मानेच्या शिरेतून हेपरिनच्या नळीत २० मिलिलिटर रक्त घ्यायचं, फायकॉल या दाट द्रवावर पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, कॉनकॅनाव्हॅलिन-ए घालून १२ ते २४ तास ठेवायच्या. डिवचलेल्या पेशी सायटोकाइनचा आरएनए बनवायला लागतात. तो काढून त्याची डीएनए प्रत (सीडीएनए) करायची आणि जनुक उचलायचं.

पहिल्या खेपेला मी नळ्या बर्फात घालून आणल्या. गोरेगावहून दादर, तिथे गाडी बदलून परळ, मांडीवर थर्मोकोलचा डबा, आणि लसच आणतोय अशा थाटात डबा गच्च बंद. फायकॉलवर थर नीट बसलाच नाही, पेशी हाताला लागल्या त्या मूठभर. रक्त खोलीच्या तापमानाला आणायचं आणि त्याच सकाळी बसवायचं. बर्फ आरएनए काढल्यानंतर.

जनुक मागवून घेणार असाल तरी ही फेरी वाया जात नाही, कारण पुढच्या पायरीला म्हशीच्या जिवंत पेशी लागणारच आहेत.

प्रथिन बनतं का, आणि बनलेलं काम करतं का

प्लास्मिड एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशींत सोडा, ४८ तासांनी बघा. जीडी साधारण ७१ किलोडाल्टनला दिसायला हवं. शेपूट कापलेलं त्याहून हलकं. पेशींचा अर्क आणि वरचं द्रव, दोन्ही वेगवेगळे चालवा, म्हणजे प्रथिन आत अडकलंय की बाहेर पडतंय ते कळेल.

मदतनिसासाठी पट्टा दिसणं पुरेसं नाही, तो कामाचा आहे का ते बघायचं. आयएल-२ असेल तर आधी डिवचलेल्या म्हशीच्या पेशी त्या वरच्या द्रवात वाढतात का. आयएल-१२ असेल तर त्या गॅमा इंटरफेरॉन सोडतात का. जीएम-सीएसएफ असेल तर आयएल-४ सोबत घातल्यावर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून डेंड्रायटिक पेशी घडतात का. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना फाटे फुटलेले दिसतात. प्रत्येक वेळी रिकाम्या प्लास्मिडच्या पेशींवरचं द्रव शेजारी ठेवा. ही पायरी गाळून उंदरांकडे पळणारे पुष्कळ आहेत. सहा महिन्यांनी ते परत इथेच येतात.

डीएनए धुणं, म्हणजे तोतया मदतनीस हाकलणं

ई. कोलायमध्ये प्लास्मिड वाढवलं की त्यासोबत जिवाणूच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन येतं. ते स्वतःच प्रतिकारशक्तीला जोरदार डिवचतं. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मदतनीस प्लास्मिडची तयारी अस्वच्छ निघाली आणि प्रतिजनाची स्वच्छ, तर तुमचा सायटोकाइन झोपलेला असतानाही आकडे वाढलेले दिसतील.

एक हिशेब करून बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्लास्मिड लशींसाठी सुचवलेली मर्यादा आहे शरीराच्या दर किलोमागे एंडोटॉक्सिनच्या ४० एककांहून कमी. उंदीर २० ग्रॅमचा, म्हणजे त्याच्या वाट्याला ०.८ एकक. एंडोटॉक्सिनमुक्त म्हणवणाऱ्या काही किटांवर हमी असते दर मायक्रोग्रॅम डीएनएमागे ०.१ एककाहून कमी. उंदराला १०० मायक्रोग्रॅम टोचलं तर त्या हमीत राहूनही १० एककांपर्यंत मजल जाऊ शकते. मर्यादेच्या बारापट! तेच डीएनए १०० किलोच्या रेडकाला २ मिलिग्रॅम दिलं तर जास्तीत जास्त २०० एकक, आणि त्याची मर्यादा ४,०००. उंदरात जो तोतया धुमाकूळ घालतो तो रेडकात दिसतही नाही. उंदरातली वाढ गोठ्यात का विरते, याचं एक कारण इथेही असू शकतं.

तेव्हा किटाच्या खोक्यावर विसंबू नका. प्रत्येक तयारीची एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करा आणि सगळ्या प्लास्मिडांचे आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत पुन्हा धुवा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८ ते २.० दरम्यान हवं. जेलवर प्लास्मिडचं पीळदार रूप किमान ८० टक्के हवं; वरचा सैल पट्टा जाड दिसला तर तयारी जुनी झाली किंवा कुणीतरी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी घुसळायच्या यंत्रावर, दामटली.

उंदरांचे गट

आता आमची फजिती सांगतो, कारण ती अजून दर वर्षी कुठे ना कुठे होते. पहिल्या प्रयोगात आम्ही एका गटाला ५० मायक्रोग्रॅम जीडी दिलं, दुसऱ्याला ५० जीडी अधिक ५० मदतनीस. दुसऱ्या गटाची प्रतिपिंडं चांगली चढली, आम्ही पेढे वाटले. परिसंवादात मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी एकच विचारलं, "दुसऱ्या गटाला डीएनए दुप्पट गेलं ना?" गेलं होतं. प्लास्मिडच्या सांगाड्यातच सीपीजी नावाचे क्रम असतात, जिवाणूंच्या डीएनएत असतात तसे, मिथिल न लागलेले. टीएलआर-९ ते ओळखतो. पेशीत शिरलेलं दुपदरी डीएनए तर टीबीके-१ च्या मार्गानेही धोक्याची घंटा वाजवतं. म्हणजे नुसतं जास्तीचं डीएनए हाच एक मदतनीस. आमच्या निकालातून सायटोकाइनचं श्रेय वेगळं काढता येईना. सगळा प्रयोग पुन्हा.

म्हणून प्रत्येक उंदराला डीएनएचं एकूण वजन सारखं द्यायचं, कमी पडेल तिथे रिकामं प्लास्मिड भरून. गट असे लागतात:

जीडी ५० अधिक मदतनीस ५०.
जीडी ५० अधिक रिकामं ५०. खरी तुलना या दोघांत.
मदतनीस ५० अधिक रिकामं ५०, म्हणजे प्रतिजनाविना तो काय गोंधळ घालतो ते कळतं.
नुसतं रिकामं १००.
नुसतं खारं द्रावण.
आणि मृत विषाणूची नेहमीच्या पद्धतीची लस, वरची पट्टी कुठे आहे ते कळायला.

रिकामं म्हणजे तेच पीव्हॅक्स-१, त्याच दिवशी वाढवलेलं, तसंच धुतलेलं. ६ ते ८ आठवड्यांच्या बाल्ब-सी जातीच्या माद्या, गटात आठ. मांडीच्या स्नायूत दोन्ही पायांत ५०-५० मायक्रोलिटर, इन्सुलिनच्या सिरिंजने, कारण तिच्या टोकात डीएनए वाया जात नाही. दिवस ०, २१ आणि ४२ ला टोचणी, प्रत्येक टोचणीआधी रक्त, आणि दिवस ५६ ला शेवटचं रक्त व प्लीहा. कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि चाचण्या करणाऱ्याला गट कळू देऊ नका. मुंबईच्या एप्रिलमध्ये प्राणीगृहाचा एसी बंद पडला तर ती नोंदही वहीत हवी. तापलेल्या उंदरांचे आकडे वेगळे येतात.

वाचायचं काय

एलायझाने एकूण प्रतिपिंडं मोजा, पण त्यावर थांबू नका. बाल्ब-सी उंदरात आयजीजी-२-ए आणि आयजीजी-१ या प्रतिपिंडांच्या दोन प्रकारांचं प्रमाण काढलं की कल कळतो. पहिलं वाढलं तर गॅमा इंटरफेरॉनच्या बाजूला. सी-५७ जातीचे उंदीर घेतले असतील तर २-ए शोधू नका, त्यांच्यात २-सी असतं.

निष्प्रभीकरणासाठी रक्तद्रव ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवा, दुपटी-दुपटीने विरळ करा, १०० संसर्गी मात्रा विषाणूसोबत ठेवा आणि एमडीबीके पेशींवर घाला. इथे एक चोरवाट आहे. पेशी वाढवायला गाईच्या गर्भाचं रक्तद्रव लागतं, आणि ज्या कळपातून ते आलं त्या कळपात आयबीआर असेल तर त्यातच प्रतिपिंडं असू शकतात. नवी बाटली उघडली की आधी ती एकटी विषाणूसमोर चालवून बघा.

प्लीहेतल्या पेशींना जीडी दाखवून किती पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात ते एलिस्पॉटवर मोजा. आणि दिवस ५६ च्या रक्तद्रवात मदतनिसाविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, ते न चुकता बघा.

उंदरांना विषाणू देऊन संरक्षण तपासायचा मोह टाळा. साध्या उंदरात बीएचव्ही-१ धड वाढतच नाही. सगळे वाचतील आणि काहीच सिद्ध होणार नाही.

रेडकांकडे जाताना

उंदराला १०० मायक्रोग्रॅम म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅम. त्याच हिशेबाने १०० किलोच्या रेडकाला अर्धा ग्रॅम डीएनए लागेल. तेवढं कोणी बनवत नाही. प्रत्यक्षात एक-दोन मिलिग्रॅमवर भागवावं लागतं. म्हणजे अडीचशे ते पाचशेपट कमी. इतकी तूट कुठलाही सायटोकाइन एकटा भरून काढत नाही, म्हणून मोठ्या जनावरात टोचायची पद्धत मदतनिसाइतकीच महत्त्वाची. साध्या सुईने स्नायूत घातलेल्या डीएनएपैकी फारच थोडं पेशींच्या आत शिरतं. विजेचा हलका झटका देऊन पेशींची दारं उघडणं, किंवा बिनसुईच्या दाबयंत्राने कातडीत मारणं, या दोन वाटा आहेत. तबेल्यात मला दाबयंत्र पटतं. झटक्याचं यंत्र घेऊन म्हशीजवळ गेलात तर मामा तुम्हालाच दोरीने बांधतील.

पद्धत ठरली की ती सगळ्या गटांना एकच. मदतनिसाच्या गटाला दाबयंत्र आणि बाकीच्यांना सुई, असलं काही केलंत तर पुन्हा मागच्या रांगेतून प्रश्न येईल.

रेडकं सहा महिन्यांवरची घ्या, म्हणजे चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं ओसरलेली असतात. प्रत्येकाची जीबी एलायझा आधी करा, कारण ज्याला लागण होऊन गेली आहे त्याच्यात तुमची लस पहिल्याच डोसला अचाट काम केल्यासारखी दिसेल. मुंबईच्या तबेल्यांत जनावरं बाहेरून विकत येतात, व्यायली की दूध देतात, आटली की पुष्कळदा परत जातात. अशा ये-जा असलेल्या कळपात आयबीआरमुक्त रेडकं मिळवणं हेच मोठं काम. गरजेच्या तिप्पट रेडकं तपासायची तयारी ठेवा. टोचल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ ताप घ्या, टोचल्या जागेची सूज मोजपट्टीने मोजा. उंदरात आयजीजी-२-ए बघितलंत तसं इथे आयजीजी-२ आणि आयजीजी-१.

दुभत्या म्हशींवरची चाचणी सर्वांत शेवटी आणि वेगळ्या परवानगीने. तिथे मामांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: दूध मारतं का? त्यासाठी टोचण्याआधीच्या पंधरा दिवसांचं दूध माहीत हवं. मी नवा तक्ता छापायच्या बेतात होतो. मामांनी गल्ल्याखालून लाल बांधणीची वही काढली. प्रत्येक म्हशीचं नाव, सकाळ आणि संध्याकाळ, लिटर आणि पाव लिटर, तीन वर्षांचं. "ह्यातलं उतरवून घ्या," म्हणाले, "पण वही इथेच राहील."